ताई, ती मशीन उघडीच ठेवायची असते

ताई, तू कशानं गेलीस असं जो तो विचारतो आणि मी प्रत्येकाला वेगळं उत्तर देतो. ऑफिसात सांगितलं, फुप्फुसाचा आजार होता. तुझ्या घरमालकाला सांगितलं, टीबी. बार्शीटाकळीच्या काकूनं विचारलं तेव्हा "दम होता तिले" एवढं म्हणून फोन ठेवून दिला. खरं काय ते मला माहीत आहे. पण ते सांगायला तोंड उघडलं की मधे तूच येऊन उभी राहतेस, तो दुपट्टा हातात घेऊन.

तू गेलीस तेव्हा मी धारणीकडे रस्त्याच्या कामावर मशीन लावत होतो. तिकडं डोंगरात फोनला रेंज नाही. परतीच्या जीपनं घाट उतरायला घेतला तसा खिशातला फोन वाजत सुटला, तुझ्या पुनीचे मिस्ड कॉल एकावर एक. मला न बघताच कळलं. जीपमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारी एक कोरकू म्हातारी मांडीवर कोंबडी धरून बसली होती. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, कोंबडी काखेत घेतली आणि माझा हात धरला तो परतवाडा येईपर्यंत सोडला नाही. माझं नाव नाही विचारलं, काय झालं ते नाही विचारलं. तिचा हात तुझ्या हातासारखाच खरखरीत होता. मी तिथंच रडून घेतलं, म्हणून अकोल्याला पोचलो तेव्हा पुनीसमोर रडता आलं नाही, आणि पोट्टीला वाटलं असेल मामाचं काळीज दगडाचं आहे.

माझं काम तुला कधी नीट कळलं नाही. पण त्याचा तोरा तुलाच जास्त. साइटवर मी पहिल्यांदा आलो तो दिवस आठवतो? जठारपेठेच्या पलीकडं ती उंच बिल्डिंग उठत होती, तिथं धूळ मोजायचं यंत्र बसवायचं काम आमच्या लॅबला मिळालं. मला माहीत होतं तू तिथं झाडायला आणि स्लॅबवर पाणी मारायला जातेस, पण मी सांगितलं नव्हतं. म्हटलं बघू ओळख देते का. तू खराटा टाकून धावत आलीस ती सगळ्या बायांना हाका मारतच. "हा माहा भाऊ. अमरावतीहून आला. हवा मोजते. आता इथं कोनी बिड्या फुकाच्या नाही, त्याच्या मशीनमंधी धूर जाते." वॉचमननं खरंच बिडी विझवली. मी लाजेनं मेलो. आमच्या लॅबमध्ये मला चहाचं कोणी विचारत नाही आणि तू मला त्या सिमेंटच्या ढिगाऱ्यात कलेक्टर करून ठेवलंस.

ती मशीन म्हणजे खांबावर बसवलेली एक पांढरी पेटी. वर छत्रीसारखं झाकण, त्याच्याखाली हवा आत ओढायचं तोंड. हवेत धूळ वाढली की पेटीवर लाल दिवा, बरी असली की हिरवा. दिवसभराचे आकडे आतमध्ये साठत राहतात आणि मी महिन्याकाठी येऊन ते काढून घेतो, आतली सफाई करतो. पार्किंगच्या मजल्यावर बसवली होती, कारण सिमेंट तिथंच उतरतं, फरशी तिथंच कापली जाते आणि वरच्या मजल्यांचा झाडलेला सगळा फुफाटा लिफ्टच्या मोकळ्या जागेतून तिथंच खाली येतो. मी तुला हे सगळं समजावून सांगत होतो आणि तू पदरानं पेटी पुसत होतीस. म्हणालीस, "तुहं लगन तं होत नाही, हे पेटी घेऊन गावोगाव फिरतं. हेच करून घे बायको." तुझ्याबरोबर झाडणारी शेवंताबाई खालच्या पायरीवर बसून पोट धरून हसली होती.

त्या दिवसापासून मशीन तुझी झाली. कुत्रं खांबाजवळ गेलं की तू विटकर भिरकवायचीस. फरशी कापणारी पोरं तिच्यावर शर्ट टांगायची, तू त्यांची खरडपट्टी काढलीस. मी महिन्यानं येऊन बघायचो तर माझ्या इतर साइटवरच्या पेट्या कबुतरांनी घाण केलेल्या, तारा उपटलेल्या, आणि ही एकटी नव्या नवरीसारखी चकचकीत. मी ऑफिसात सांगायचो की अकोल्याची मशीन म्हणजे बघण्यासारखी. खरं सांगतो ताई, त्या दिवसांत मला माझ्या कामाची पहिल्यांदा किंमत वाटली. एवढी वर्षं मी लोकांच्या साइटवर जायचो तेव्हा सगळे माझ्याकडं वसुलीला आल्यासारखं बघायचे. तुझ्यामुळं एका जागी तरी माझी वाट पाहिली जायची, डब्यात पातोडीची भाजी असायची.

खोकला तुला आधीपासून होता, ते मी नाकारत नाही. साइटच्या मॅनेजरनंही हेच म्हटलं आणि ते खोटं नव्हतं. लग्नाआधी तू बार्शीटाकळीकडच्या गिट्टीच्या क्रशरवर होतीस, मला शाळेत सोडून तू ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जायचीस आणि संध्याकाळी पापण्यांपर्यंत पांढरी होऊन यायचीस. मी तुला भूत म्हणायचो. भाऊजी गेल्यावर पुन्हा साइटचीच कामं. टीबीच्या गोळ्या झाल्या, खोकला राहिला. मग सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडासमोर धरून तुला विचारलं, बाई, काम काय करता? तू म्हणालीस, झाडझूड. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की फुप्फुसात दगडाची धूळ बसलीय, ती काही निघत नाही, पण नवी जाऊ देऊ नका. धुळीचं काम आजपासून बंद. एवढंच त्याचं म्हणणं होतं आणि एवढंच मला तुझ्याकडून पाहिजे होतं.

आपलं भांडण तिथून लागलं ते संपलंच नाही. मी म्हणायचो काम सोड, अमरावतीला माझ्या खोलीवर चल, पुनीला तिकडच्या कॉलेजात टाकू. तू म्हणायचीस भावाच्या दारात बसून खायला मी काय लुळीपांगळी आहे? ते मला समजत होतं. पण मग तू बोट दाखवायचीस मशीनकडे.

"राजू, हे पाह्य, तुहा हिरवा दिवा लागला हाय. हवा साफ हाय म्हंते तुही मशीन. मंग मले कोन्त्या हवेचा खोकला?"

मी म्हणायचो, दिव्याचं सोड, डॉक्टर सांगतो ते ऐक. तू म्हणायचीस, डॉक्टर परका, मशीन घरची. आकडे तर मीही बघत होतो. एवढं काम चाललेलं, एवढा फुफाटा डोळ्यांना दिसणारा, आणि आकडे मर्यादेच्या आत. सकाळी तर आलेख एकदम खाली बसायचा, जणू कोणी हवा धुऊन काढलीय. मॅनेजरला विचारलं तर तो म्हणाला, सकाळी झाडायच्या आधी आम्ही पाणी शिंपडतो. मी तुला विचारलं, पाणी शिंपडतात का ग? तू म्हणालीस, शिंपडते ना, कधी कधी. तुझं 'कधी कधी' म्हणजे साहेबलोक बघायला येणार असले तर, हे मला नंतर कळलं. एरवी कोरडंच झाडायचं, कारण पाणी मारलं की खालच्या मजल्यावरच्या नव्या छताला डाग पडतात.

मी तुला मास्क आणून दिले होते, चांगले, जाड, नाकावर घट्ट बसणारे. तू ते पिशवीसकट घरातल्या पत्र्याच्या पेटीत ठेवलेस. विचारलं तर म्हणालीस, "नवे कोरे हाय, त्या धुळीत नेऊन खराब करू का?" मी कपाळावर हात मारून घेतला. तुझ्या घरात रिमोट पिशवीत, फ्रीजला कव्हर, पुनीच्या सायकलच्या सीटवर दुकानातला कागद फाटेपर्यंत तसाच. नवी वस्तू धुळीपासून जपायची, हे तुझ्या रक्तात. साइटवर जाताना तोंडाला आपला तो जुना दुपट्टा गुंडाळायचा आणि निघायचं. दुपट्टा तर दुपट्टा, काहीतरी आहे, असं म्हणून मी सोडून दिलं.

शेवटचं भांडलो तेव्हा तू ओट्यापाशी भाकरी थापत होतीस आणि मधे मधे थांबून श्वास गोळा करत होतीस. मी ओरडलो की तू मेलीस तर पुनीचं काय? तू पाठमोरीच म्हणालीस, "मशीन तुही अन् तिच्यावर तुहाच भरोसा नाही. मंग कायले लावतं गावोगाव?" मी जेवलो, उरलेली भाकरी तू फडक्यात बांधून दिलीस ती घेतली आणि बसला गेलो. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं. तेव्हा ते माझ्याजवळ नव्हतंच. आता आहे, आणि तू नाहीस.

उत्तर मला तुझ्या पुण्यानुमोदनाला मिळालं, ताई. बौद्धाचार्यांनी वंदना घेतली, सगळे पांढऱ्या कपड्यात खाली बसले होते, तुझा फोटो मेणबत्त्यांच्या मधे. फोटोत तू रागावल्यासारखी दिसतेस, आधार कार्डाचाच मोठा केला, दुसरा नव्हताच. मग आदरांजलीला लोक एकेक उठून बोलू लागले. शेवटी शेवंताबाई उठली. माइक तिनं आयुष्यात पहिल्यांदा धरला असेल. म्हणाली,

"मंदाबाईवानी जीव लावनारी बाई मी पाह्यली नाही. रोज सकाळी झाडाले घेतलं की पयले आपल्या तोंडाचा दुपट्टा सोडे अन् भावाच्या मशीनले गुंडाळे. मी म्हनो, अवो, तुह्या नाकात धूळ जाते ना. तं म्हने, माह्या नाकाचं काय, पानी घेतलं की साफ. मशीन बिचारी धुता येत नाही. सारं झाडनं झालं की दुपट्टा काढे, झटके, अन् मंग आपल्या तोंडाले बांधे."

मांडवभर बाया डोळ्यांना पदर लावून बसल्या. कोणीतरी म्हणालं, भावावर एवढं प्रेम! माझ्या हातात फुलं होती, ती मी तुझ्या फोटोला वाहिली की खाली पडली ते मला आठवत नाही. मी उठून नळावर गेलो आणि बराच वेळ नुसता नळ सोडून उभा राहिलो.

मायनं आपल्याला काय शिकवलं होतं? झाडू हातात घ्यायच्या आधी माठावर ताट ठेवायचं, भाताच्या गंजावर झाकण घालायचं, झाडताना घरात काही उघडं ठेवायचं नाही. मी विसरलो तर पाठीत धपाटा बसायचा. तू ते साइटवर नेलंस. माठ झाकतात तशी मशीन झाकलीस. रोज, सगळ्यात जास्त धूळ उडते नेमक्या त्या वेळी, दुपट्ट्याच्या घड्या घालून तिचं तोंड बांधलंस आणि आपलं उघडं ठेवलंस.

काहून झाकलं, ताई? काहून? ती धूळ खायलाच बनवलेली आहे ग. धुळीनं तिला काही होत नाही, झालं असतं तर मी पुसून घेतली असती, नाहीतर लॅबनं दुसरी दिली असती. ती मेली असती तरी चाललं असतं. ती उघडी असती तर दिवा लाल झाला असता, आणि लाल दिव्यासमोर मी तुला खेचून बाहेर काढलं असतं, मॅनेजरच्या टेबलावर ते आकडे आपटले असते, काम थांबवलं असतं. तुझा दिवा तूच हिरवा केलास आणि तोच मला दाखवत राहिलीस. असा राग येतो तुझा की तुझ्या फोटोकडं पाहवत नाही. आणि मग आठवतं की तू हे कोणासाठी केलंस. सांग, या रागाचं मी काय करू? तो कुठं नेऊन ठेवू?

आता पुनीचं ऐक. तू गेल्यावर आठवडा होतो न होतो तर ती तुझा खराटा घेऊन त्याच साइटवर जाऊ लागली. मॅनेजरनं निरोप पाठवला होता की आईची जागा आहे, यायचं असेल तर ये. मला सांगितलं पण नाही. पुण्यानुमोदनाच्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला समोर बसवलं. म्हटलं, पुने, कॉलेज पुरं कर, माझ्याबरोबर चल. ती तुझीच पोट्टी. म्हणाली, आई कोणाच्या दारात बसली नाही, मी काहून बसू? मी म्हटलं, ती धूळ वाईट आहे बेटा. तर तिनं माझ्याकडं पाहिलं, अगदी तुझ्यासारखं मान तिरपी करून. "मामा, हवा साफ हाय तिथली. तुमचीच मशीन सांगते. आई रोज म्हने." आणि हे बोलता बोलता ती खाकरली. कोरडं, घशातल्या घशात. तिला ते कळलंही नाही. मला कळलं. तू अशीच खाकरायचीस ट्रॉलीतून उतरल्यावर.

मी तिला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं की मशीन झाकलेली असायची आणि तुझी आई झाकायची. तोंडापर्यंत आलं होतं. पण आदल्या दिवशीच शेवंताबाईचं बोलणं ऐकून ती पहिल्यांदा मोकळी रडली होती. तेवढंच तिच्याजवळ उरलं होतं तुझं, चांगलं. ते मी कसं हिसकावून घेऊ? मी म्हटलं, राहू दे, आधी मॅनेजरशी बोलतो, झाडायच्या आधी पाणी मारायला लावतो, बायांना मास्क द्यायला लावतो. काम होऊन जाईल आणि तुझं नावही निघणार नाही, असा माझा हिशेब.

मॅनेजर हसला नाही, ओरडला नाही. चांगला खुर्ची देऊन बोलला. म्हणाला, पाणी कशाला मारू? रीडिंग तर तुमचीच आहेत, सगळी चांगली. मी म्हटलं, रीडिंग बरोबर नाहीत. तो म्हणाला, मग तुमचं यंत्र खराब आहे? म्हटलं, यंत्र चांगलं आहे. मग अडचण काय? तो उठला, मला घेऊन पार्किंगमध्ये आला, जिथं बाया झाडत होत्या, पुनी होती, शेवंताबाई होती. पुनीचं नाक-तोंड उघडंच होतं. आणि मशीनला, ताई, तिच्या आईचा दुपट्टा बांधलेला होता. तुझाच तो, पोपटी काठाचा. पोट्टीनं आईचं काम घेतलं तसं हेही घेतलं होतं.

मॅनेजर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, हे साहेब सांगतात हवा खराब आहे, आणि यांचंच यंत्र सांगतं चांगली आहे, आता तुम्हीच सांगा. पुनी माझ्याकडं बघत होती आणि श्वास घेत होती. तो फुफाटा तिच्या नाकात जाताना मला दिसत होता. माझ्यानं राहवलं नाही. मी जाऊन दुपट्टा सोडला. थोड्याच वेळात दिवा लाल झाला. मी म्हटलं, "झाडायच्या वेळी ही झाकलेली असते. पहिल्यापासून. माझी बहीण झाकायची. ते आकडे सगळे खोटे आहेत."

मॅनेजर म्हणाला, "म्हणजे मंदाबाईंनी यंत्राशी छेडछाड केली होती. तुम्ही स्वतः सांगताय. तसं कळवतो मी तुमच्या लॅबला."

मी कितीतरी बोललो नंतर. छेडछाड नाही, जपणूक होती, तिला माहीत नव्हतं, अशिक्षित बाई, भावाची वस्तू म्हणून. जितकं बोललो तितकं ते जास्तच वाईट होत गेलं. पुनीनं खराटा भिंतीला टेकवून ठेवला, नीट, उभा. माझ्या हातातला दुपट्टा काढून घेतला. म्हणाली, "मामा, आई मेल्यावर तुमी तिले चोट्टी ठरवली." आणि गेटच्या बाहेर गेली. परत त्या साइटवर आली नाही.

शेवंताबाई माझ्या मागं रस्त्यापर्यंत आली. मला वाटलं धीर द्यायला आली. ती म्हणाली, मी तं चांगलंच सांगतलं व्हतं तिचं, राजूभाऊ, तुमी त्याचं असं कराले नको होतं. मी तिला समजावत होतो की तुमच्याही छातीत जाते ती धूळ, तुम्हीही खोकता. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. मग झाडायचं राहिलंय म्हणून आत गेली. अजून झाडते, कोरडंच. लॅबनं जुने आकडे रद्द केले. साइटवाल्यांनी मागणी केली की मशीन सुरक्षित जागी हलवा, कोणी हात लावायला नको. आता ती गेटाजवळ कुंड्यांच्या शेजारी आहे, जिथं माळी सकाळ-संध्याकाळ पाणी घालतो. तिथं दिवा हिरवाच असतो. मी लॅबच्या साहेबांना पुन्हा लिहिलंय, पुन्हा लिहीन, पण मला काही आशा वाटत नाही. मशीन गावोगाव कायले लावतं, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी त्या शेवंताबाईलासुद्धा देऊ शकलो नाही.

मला विचारशील तर, ताई, मी तुझं नाव गमावलं आणि बदल्यात तुझी पोट्टी त्या धुळीतून बाहेर काढली. ती रागानं निघाली, माझ्या सांगण्यानं नाही. दगडी खाणीतून माणूस रागानं बाहेर आला काय आणि शहाणपणानं आला काय. असं मी स्वतःला सांगतो आणि तरी जेवण जात नाही. काकू म्हणाली, ती जठारपेठेत एका कापडाच्या दुकानात लागली, कॉलेजचा फॉर्मही भरला म्हणे. माझं नाव काढलं की उठून जाते. तुझ्या वर्षश्राद्धाला, म्हणजे आपल्यात जे काही करू त्याला, ती मला बोलावणार नाही बहुतेक. तू वर असतीस तर मी म्हटलं असतं, तिला समजाव. आपण तर तेही मानत नाही. म्हणून हे लिहून राहिलो, दुसरं काही करता येत नाही म्हणून.

मी तिला रोज फोन लावतो. ती उचलत नाही. काल दुपारी अकोल्याच्या स्टँडवर अमरावतीच्या गाडीची वाट बघत होतो, लावला, तर उचलला. मी म्हटलं, पुने. ती बोलली नाही. म्हटलं, जेवली का? नाही बोलली. म्हटलं, दुकानात जमते का तुले, खुर्ची देते का बसाले? काही नाही. पण फोन ठेवलाही नाही. मी दुसऱ्या कानात बोट घातलं आणि ऐकत बसलो. तिकडून तिचा श्वास येत होता, सरळ, कुठं न अडकता, मधे एकदाही खाकरणं नाही. अमरावतीची गाडी लागली, लोक धावले, कंडक्टरनं माझ्याकडं बघून घंटी मारली. मी ती गाडी जाऊ दिली.